केशरी कार्ड

"काय भेटलं त्याले?"

"पिवळं कार्ड."

"पिवळं? आमाले चार सालापासून भेटून नाही राह्यलं, अन् या पोट्ट्याले दहा मिन्टात भेटलं!"

हा संवाद रोहिणखेडच्या पटांगणावर, चुन्याच्या रेघेच्या तीन फूट आत उभ्या असलेल्या दोन प्रेक्षकांमध्ये झाला. पंच मी होतो. आपल्या राज्यात १ मे १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांत मिळतात: पिवळं, केशरी आणि पांढरं. पिवळं मिळावं म्हणून माणसं उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. त्यामुळे मी पहिल्यांदा पिवळं कार्ड वर केलं तेव्हा मैदानात टाळ्या पडल्या. ही ताकीद आहे, लाभ नव्हे, हे मी समजावून सांगितल्यावर टाळ्या थांबल्या. मत्सर मात्र काही चेहऱ्यांवर शेवटपर्यंत राहिला.

रोहिणखेड बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात आहे. नकाशात ते शोधावं लागतं, इतिहासात चटकन सापडतं. १४३७ साली बहमनींचा सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नासिर खानाला इथं पळवून लावलं. पुढे दीडेकशे वर्षांनी बुऱ्हाण निजामशाहानं याच शिवारात जमालखानाचा निकाल लावला. दोन्ही सामन्यांना पंच नव्हते. एवढी परंपरा पाठीशी असलेल्या गावात आडवा पाय घालणं ही किरकोळ बाब समजली जाते.

फुटबॉल इकडे उशिरा आला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला, आणि त्याआधी १५ सप्टेंबरला 'मिशन वन मिलियन' म्हणून एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असं सरकारनं ठरवलं. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. विदर्भातल्या चेंडूचं आयुष्य जवळच्या बाभळीच्या अंतरावर ठरतं, त्यामुळे त्यातले किती उरले हे विचारू नये. पण खेळाची गोडी उरली. आता श्रावणात निंदण-खुरपण आवरलं की वरचं वेटाळ (म्हणजे आळी) विरुद्ध खालचं वेटाळ असा सामना होतो.

पंचाला नियम यावेत अशी अट नव्हती. तो गावात राहणारा नसावा, एवढी एकच अट होती. गावातल्या माणसाला एका वेटाळातून दूध आणायचं असतं, दुसऱ्यातून कापूस वेचायला बाया न्यायच्या असतात. तो फाऊल देणार कोणाविरुद्ध? मी पाहुणा. माझ्या नावाला दोन्हीकडून होकार आला, कारण "ते तं सांजच्या गाडीनं जातेच." जगातल्या मोठ्या फुटबॉल संघटना तटस्थ देशाचा पंच नेमतात, त्यामागचं तत्त्व याहून वेगळं नसावं.

कार्डं मीच तयार केली. पिवळं कपाशीच्या बियाण्याच्या खोक्यातून कापलं. लाल कशाचं करावं कळेना, तेव्हा घरातली एक लग्नपत्रिका कामी आली. आतल्या बाजूला वधू-वरांची नावं होती, बाहेरच्या बाजूला गणपती. घाईत ती बाजू तशीच राहिली. याचे परिणाम पुढे येतील.

खालच्या वेटाळाकडून तेरा जण उतरले आणि वरच्या वेटाळाकडून बारा. मी मोजले, पण बोललो नाही. कोणाला बसवायचं हा वाद सामन्याआधीच सुरू झाला असता तर सामन्यातल्या वादांना वेळ उरला नसता.

मूळ प्रकरण दुसऱ्या डावातलं. (फुटबॉलमध्ये त्याला हाफ म्हणतात, पण क्रिकेटनं बिघडलेल्या जिभेला कोण आवरणार?) मधल्या सुट्टीत सर पडून गेली होती. आमचं पटांगण निम्मं मुरमाचं आणि निम्मं काळ्या मातीचं. मुरमावर कोणी घसरत नाही; घसरला तर मांडीची साल तिथंच ठेवून उठावं लागतं. म्हणून रोहिणखेडचा टॅकल एरवी उभ्यानंच होतो. काळ्या मातीवर पाऊस पडला की मात्र निघालेला माणूस कुठं थांबेल, हे त्याच्या हातात राहत नाही.

वरच्या वेटाळाचा फॉरवर्ड बॉल घेऊन काळ्या मातीत शिरला. खालच्या वेटाळाचा बॅक आठ-दहा फुटांवरून आला, दोन्ही पाय पुढे केले आणि सुटला. त्यानं आधी बॉल नेला, मग फॉरवर्ड नेला, मग कोपऱ्यावर झेंड्याऐवजी रोवलेली पराटी नेली, आणि शेवटी बिडी ओढत उभा असलेला एक प्रेक्षक नेला. बिडी विझली नाही, हे त्या प्रेक्षकानं पुढे साक्षीत आवर्जून सांगितलं.

मी शिट्टी मारली. फॉरवर्ड नडगी धरून पडलेला. आणि खालच्या वेटाळाकडून ते अमर वाक्य आलं: "भाऊ, बॉललेच मारलं ना बाप्पा त्यानं! पह्यले बॉल लागला, मंग पाय लागला!"

हे वाक्य रोहिणखेडचं नाही. माद्रिद, मँचेस्टर, म्हापसा, कोठेही जा, पाय घालणारा उठता उठता दोन्ही हातांनी हवेत एक गोल चेंडू काढून दाखवतो. अर्थ तोच: मी बॉलला मारलं. गंमत अशी की नियमावलीत या बचावाला जागाच नाही. बारावा नियम पंचाला तीन पायऱ्या देतो. पाय निष्काळजीपणे घातला, तर नुसता फाऊल. समोरच्याचं काय होईल याची पर्वा न करता घातला, तर पिवळं कार्ड. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल. बॉल आधी लागला की नडगी आधी लागली, ही नोंद या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही. समोरून, बाजूनं, मागून, एका पायानं की दोन, सगळ्याला एकच माप. बॉल मिळवूनही लाल कार्ड मिळू शकतं. आमच्याकडे याला अन्याय म्हणतात.

त्याहून मोठा अन्याय म्हणजे नियम हेतू विचारत नाही. "मुद्दाम नाही मारलं" हे खालच्या वेटाळानं किमान पंधरा वेळा सांगितलं. त्याच्या चारित्र्याचे दाखले आले. पोरगं पहाटे उठून गोठा झाडतं. त्याची माय माळकरी आहे. गेल्या साली यानंच विहिरीत पडलेलं शेरडू काढलं. सगळं खरं होतं, आणि त्यानं दोन्ही पाय वर उचलले होते हेही खरं होतं.

त्या तीन पायऱ्या मी जमावाला आमच्या रस्त्याच्या भाषेत सांगून पाहिल्या. वळणावर हॉर्न द्यायला विसरला, तो निष्काळजी. बाजाराच्या गर्दीतून कट मारत मोटरसायकल काढतो, तो बेपर्वा. आणि मोताळ्याहून बुलडाण्याला जाताना राजूर घाट लागतो ना, तिथून उतरताना डिझेल वाचवायला जो टेम्पो न्यूट्रलमध्ये सोडतो, तो तिसरा. त्याला कोणाला मारायचं नसतं. त्यानं फक्त ब्रेकवरचा आपला हक्क सोडलेला असतो.

लोकांना घाट पटला. मग वाद या मुद्द्यावर गेला की न्यूट्रलमध्ये डिझेल खरंच वाचतं का. पाच मिनिटं त्यात गेली.

पंचाला प्रत्यक्षात एवढा वेळ नसतो. त्याच्याकडे सेकंद-दीड सेकंद असतो आणि तेवढ्यात त्याला बरंच पाहायचं असतं. पाय घालणारा किती लांबून आला, केवढ्या वेगानं आला, एक पाय की दोन, पाय जमिनीवर की हवेत, गुडघा वाकलेला की ताठ, तळवा पुढे की चवडा, लागलं कुठं: बुटावर, घोट्यावर की त्याच्या वर. मोठ्या सामन्यात तळव्याला स्टड असतात. आमच्याकडे बूट दोघा-चौघांच्याच पायात होते, बाकीच्यांच्या टाचांना भेगा. उन्हाळा काढलेल्या वऱ्हाडी टाचेपुढे स्टड म्हणजे कापूस, हे कोणत्याही नियमावलीत यायला हवं होतं.

हे सगळं मी मनात जुळवत असताना एक आबा जवळ आले. वय सत्तरीच्या पुढे, धोतर गुडघ्यापर्यंत. फुटबॉल त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला होता, आणि पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते शेळी शोधत होते. त्यांनी घसरण्याच्या खुणेकडे पाहिलं. चिखलात लांबच लांब एकच रुंद पट्टा होता, मध्ये टाच रुतल्याची खूण नाही. आबांनी विचारलं, "याले मंदात थांबता येत व्हतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग झालं ना. गोऱ्हा उधळला म्हंजे त्याच्या मनात काय हाय ते पुसत नाही आपन. दावं कोनाच्या हातात हाय थे पाह्यतो. याचं दावं याच्याच हातात नव्हतं." आणि ते पुन्हा शेळी शोधायला गेले. या खेपेला वेगळी शेळी असावी.

पंचांच्या शिबिरांत जे व्हिडिओ लावून दोन-दोन दिवस शिकवतात, ते आबांनी चिखलाकडे पाहून सांगितलं. ज्यांचा पोटासाठी लाथेशी संबंध येतो, म्हणजे गाय धुणारे, बैल नाल मारायला पाडणारे, त्यांना पंच करावं असं माझं तेव्हापासून प्रामाणिक मत आहे. लाथ निघण्याआधी त्यांना दिसते. आम्हा शिकलेल्यांना ती लागल्यावर दिसते, आणि पुष्कळदा तेव्हाही दिसत नाही.

पुष्कळदा म्हणजे किती मोठ्या लोकांना? १९८२ चा विश्वचषक, सेव्हिल, उपांत्य सामना. पश्चिम जर्मनीचा गोलकीपर शूमाखर पुढे धावत आला आणि हवेतच फ्रान्सच्या बातिस्तोंच्या तोंडावर कमरेनं आदळला. बातिस्तों बेशुद्ध, दोन दात गेले, स्ट्रेचर आलं. चेंडू बाहेर गेला होता. पंच कॉर्व्हर यांनी काय दिलं? गोलकिक. म्हणजे शूमाखरलाच. पुढे तो सामना जर्मनीनं पेनल्टीवर जिंकला आणि त्यात शूमाखरनं दोन अडवल्या. मी ही गोष्ट त्या दिवशी मैदानात सांगितली तेव्हा वरच्या वेटाळाची एकच शंका होती: तो कॉर्व्हर कोणाचा सोयरा होता?

दुसरी गोष्ट २०१० च्या जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्याची. नेदरलँड्सच्या डी याँगनं बूट वर केला तो थेट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळं दिलं. आपल्याला नीट दिसलंच नाही, ते लालच होतं, असं त्यांनी पुढे मोकळेपणानं मान्य केलं. हे वेब इंग्लंडमध्ये पोलीस सार्जंट होते. "पोलिसाले दिसलं नाही," एवढंच प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, आणि त्यावर कोणाला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

तेवढ्यात एका पोरानं मोबाइल आणला. त्यानं सगळं शूट केलं होतं. मोठ्या सामन्यात याला व्हीएआर म्हणतात, आपल्याकडे पंचनामा. वारा-गारा होऊन गेल्यावर तलाठीसाहेब शांतपणे बांधावर येऊन काय आडवं झालंय ते पाहतात, तसा हा प्रकार. व्हिडिओ सुरुवातीला स्लो मोशनमध्ये लावला. स्लो मोशनमध्ये आमचा बॅक भयंकर दिसत होता. दात आवळलेले, डोळे नडगीवर रोखलेले, पाय इंचाइंचानं पुढे सरकतोय. खून करायला निघालेला माणूस. मग साध्या वेगानं लावला. त्यात एक घाबरलेलं पोरगं चिखलात घसरत होतं आणि बहुधा मायला हाक मारत होतं.

व्हीएआरच्या नियमांत याची सोय आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. लागलं कुठं हे पाहायला स्लो मोशन, जोर किती होता हे ठरवायला मूळ वेग. मी दोन्ही पाहिलं. लागलं होतं घोट्याच्या वर. जोर पराटीला विचारा.

आणि तरी माझा हात खिशातच होता. कार्ड दाखवणं सोपं असतं असं टीव्हीवरून वाटतं. कार्डाचा जन्मच मुळी एका माणसाला बाहेर काढता येईना म्हणून झाला. १९६६, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर जायला सांगितलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं आणि रातीनला जायचं नव्हतं. बरीच मिनिटं गेली. शेवटी पंचांचे प्रमुख केन ॲस्टन मैदानात उतरले, समजूत घातली. रातीन बाहेर आला तो राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. त्याच सामन्यात आपल्याला ताकीद मिळाली होती हे इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना पेपरातून कळलं. ॲस्टन गाडी चालवत घरी जाताना सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जरा दमानं, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कास्झेलीनं खाल्लं.

ॲस्टनसाहेब सिग्नल पाळणाऱ्या देशातले होते हे विसरून चालणार नाही. मलकापूरच्या चौकात त्यांना ही कल्पना सुचली नसती.

कार्ड निघाल्यावर भांडण मिटतं असाही भ्रम नको. २० डिसेंबर २०२३ ची रात्र, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. पहिल्या पंधरा मिनिटांतच मुंबईच्या आकाश मिश्रानं मनवीर सिंगवर घातलेल्या टॅकलला थेट लाल कार्ड मिळालं. तिथून जे सुरू झालं ते सात लाल कार्डांवर थांबलं. चार मुंबईला, तीन बागानला. त्यातली तीन तर शेवटची शिट्टी वाजून गेल्यावर! मुंबईनं सामना २-१ नं जिंकला, आणि पुढचा सामना खेळवायला माणसं कुठून आणायची या काळजीत दोन्ही संघ घरी गेले असतील. शिट्टीनंतर कार्ड कसं, असं बरेच जण विचारतात. पंच मैदान सोडून जाईपर्यंत त्याचा अधिकार चालू असतो. रोहिणखेडला मी याचा अर्थ एसटीत चढेपर्यंत असा लावला होता.

माझी चुळबुळ पाहून खालच्या वेटाळातला एक समजूतदार गृहस्थ पुढे आला. हा दोन्ही वेटाळांत मामा लागतो. एका खेळाडूचा सख्खा, दुसऱ्याचा मानलेला. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पिवळं नोका देऊ, थे कमी होते. लाल बी नोका देऊ, थे जास्त होते. मधलं केशरी नाही का तुमच्यापाशी?"

सांगायला हवं की या मामांनी नकळत फुटबॉलमधल्या फार जुन्या दुखण्यावर बोट ठेवलं. इंग्रजी समालोचकसुद्धा असा टॅकल पाहिला की म्हणतात, हे नारिंगी कार्ड आहे. म्हणजे पिवळ्याच्या वरचं, लालच्या खालचं. तसं कार्ड नियमात नाही. पंचाला त्या दोन रंगांच्या मधल्या दरीत उभं राहून एकीकडे उडी मारावी लागते, आणि हजारो माणसं दोन्ही काठांवरून सांगत असतात की उडी चुकली. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमी समोरासमोर आल्या की त्या काठांवर अख्खं शहर उभं असतं. त्या पंचांना माझा साष्टांग नमस्कार.

मामांना मी म्हटलं, केशरी तहसीलला मिळेल. आणि लाल काढलं.

आता ती पत्रिका. मी हात उंच केला, सूर्य पाठीमागे, आणि त्या बॅकला कार्डावर जे दिसलं ते गणपतीचं चित्र. त्यानं आधी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनीही केला. मग त्यानं विचारलं, "काय झालं भाऊ? लगन कोनाचं हाय?"

बाहेर जा, एवढंच मी म्हणालो. तो गेला. मोठाले खेळाडू जातात तसा मान हलवत, शर्ट काढत नव्हे. चिखल निथळत, मुकाट. आणि तो गेल्यावर खालच्या वेटाळात बारा जण उरले. म्हणजे सामना सुरू झाल्यापासून प्रथमच दोन्ही बाजू सारख्या झाल्या. हे वरच्या वेटाळाच्या लक्षात आलं नाही. खालच्या वेटाळाच्या आलं आणि ते गप्प राहिले.

एक नियम तेवढा पाळता आला नाही. बाहेर काढलेल्या खेळाडूनं मैदानाच्या आसपासही थांबायचं नसतं. पण त्याचं घर मैदानाला लागून. आमची एक बाजूची रेघ म्हणजे त्यांच्याच भिंतीचा पाया. तो ओट्यावर बसला, मायनं दिलेला चहा घेतला आणि उरलेला सामना तिथून आपल्या संघाला ओरडून खेळवला. माणसाला त्याच्या ओट्यावरून उठवण्याचा अधिकार फिफालाही नाही. ज्याची नडगी सुजली होती त्यालाही चहा तिथंच मिळाला, आणि हळदीचा लेपही त्याच मायनं लावला. लेप लावताना ती दोघांनाही सारख्याच शिव्या देत होती. तिच्याकडे कार्डं नव्हती; काही अडलं नाही.

सामना १-१ सुटला. दोन्ही गोल मी दिले, म्हणजे मान्य केले. त्यातला एक गोली चहा प्यायला ओट्याकडे गेला असताना झाला, पण नियमात तो बसतो.

पुढच्या श्रावणात मला जमणार नाही. तेव्हा रोहिणखेडला पंच पाहिजे आहे. नियम यायला हवेत असं नाही. गावात सोयरीक नसावी, शिट्टी स्वतःची आणावी, लाल कार्ड कोऱ्या कागदाचं करावं. मोबदला म्हणून जेवण आणि भरीत-भाकर बांधून मिळेल. सामना संपण्याआधी शेवटच्या एसटीची वेळ स्टँडवर विचारून ठेवावी.